यंत्रांचा दुभाषी

भिन्न प्रांतांतील दोन व्यापारी एका बाजारांत भेटले आणि एकाची भाषा दुसऱ्यास कळली नाहीं, म्हणून त्यांपैकीं कोणी मुका आहे असें आपण म्हणत नाहीं. दोघांनाही बोलतां येतें. उणीव असते ती दुभाष्याची. यंत्रांच्या जगांतही हा प्रकार पुष्कळदां घडतो. एखादें नवें उपकरण संगणकास जोडावें, त्यावरील दिवा लागावा, परंतु बटण दाबल्यावर कांहींच घडूं नये; मग "हें या प्रणालीवर चालत नाहीं" असा शेरा मिळतो, आणि चांगल्या किंमतीचें उपकरण फडताळांत धूळ खात पडतें. वास्तविक त्या उपकरणाचें बोलणें संगणकापर्यंत पोहोंचलेलें असतें. त्याचा अर्थ सांगणारा मात्र कोणी नसतो. प्रस्तुत लेखांत लिनक्सवर चालणाऱ्या कारखान्यांतील यंत्रांचें उदाहरण घेऊन, असा अर्थ कसा लावतात आणि लावलेल्या अर्थावर कोठपर्यंत विसंबावें, हें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों. विषय यांत्रिक असला तरी त्यांत कारागिराच्या बोटांचा प्रश्न गुंतलेला आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों.

यंत्र आणि त्याचा कारागीर

लेथ किंवा मिलिंगचें यंत्र पूर्वीं कारागीर हातानें चाकें फिरवून चालवीत असे. आज पुष्कळ ठिकाणीं तें काम मोटरी करतात व मोटरींस आज्ञा संगणक देतो. अशी आज्ञा देणाऱ्या प्रणालींपैकीं 'लिनक्स-सीएनसी' ही एक होय. तिचा उगम 'निस्ट' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेंत, १९९० नंतरच्या दशकांत झाला. त्या वेळीं तिचें नांव 'ईएमसी' असें होतें. सरकारी संस्थेचें काम असल्यामुळें तें सर्वांस खुलें होतें. पुढें स्वयंसेवकांनीं तें हातीं घेऊन वाढविलें. त्याच आद्याक्षरांची एक कंपनी असल्यामुळें २०११ मध्यें हें नांव बदलून 'लिनक्स-सीएनसी' असें करण्यांत आलें. ज्या लिनक्सवर ती चालते, त्याचा पाया १९९१ मध्यें लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें घातला. या दोहोंची मूळ आज्ञावली कोणासही वाचतां येते व सुधारतांही येते. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीवर उभें आहे.

आतां कारागिराची अडचण पाहूं. शेगड्यांत जॉब घट्ट धरलेला आहे. त्याच्या कडेपासून मोजमाप घ्यावयाचें, म्हणून हत्यार अगदीं हलक्या पावलांनीं त्या कडेशीं आणावयाचें आहे. अशा वेळीं कारागिराची दृष्टि हत्याराच्या टोंकावर खिळलेली असते. कीबोर्ड मात्र दूर टेबलावर असतो. एक डोळा इकडे व एक तिकडे ठेवून हें काम होत नाहीं. म्हणून त्याच्या हातांत मावेल असें, बटणें व एक फिरतें चाक असलेलें उपकरण देतात. त्यास कारखान्यांत 'पेंडंट' म्हणतात. त्याच्या चाकाच्या एका फेऱ्यांत बहुधा १०० टिचक्या असतात. एका टिचकीस ०.०१ मिलिमीटर असें प्रमाण ठेवलें, तर पुरा एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर, ०.१ ठेवलें, तर १० मिलिमीटर. हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

तयार पेंडंट महाग पडलें, तर कित्येक लोक खेळाची जॉयस्टिक, चित्रफितींच्या संपादकांसाठीं बनविलेलें चकतीचें उपकरण, किंवा बारा-पंधरा बटणांची लहानशी पट्टी वापरतात. यांपैकीं बहुतेक सर्व यूएसबीनें जोडलीं जातात; आणि बहुतेकांच्या वेष्टनावर लिनक्सचा उल्लेखही नसतो.

उपकरण आपली ओळख देतें

यूएसबीची पहिली आवृत्ति १९९६ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचा एक नियम असा, कीं जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणानें प्रथम आपली ओळख सांगितली पाहिजे. या ओळखींत दोन आंकडे मुख्य असतात: एक निर्मात्याचा, दुसरा त्याच्या मालाचा. हे आंकडे षोडशमान पद्धतीनें, चार चार अंकांत लिहितात. या पद्धतींत नऊच्या पुढें ए, बी, सी, डी, ई, एफ हीं अक्षरें १० ते १५ या संख्यांसाठीं योजतात. उदाहरणार्थ, 'एक्सएचसी' छापाच्या पेंडंटांचा निर्मात्याचा अंक '१०सीई' असा आहे. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: १ गुणिले ४०९६, अधिक ० गुणिले २५६, अधिक १२ गुणिले १६, अधिक १४, एकूण ४३०२.

लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही एक आज्ञा दिली, कीं जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी या दोन आंकड्यांसह समोर येते. उपकरण एकदां काढून यादी घ्यावी, नंतर जोडून घ्यावी. जी ओळ नवी दिसेल ती त्याची. "चालत नाहीं" असा शेरा मिळालेलें उपकरण येथें दिसलें, म्हणजे निम्मी चिंता मिटली असें समजावें. येथेंही तें दिसलें नाहीं, तर मात्र प्रथम तार, जोड व बॅटरी तपासावी. आज्ञावलींत शोध करणें व्यर्थ आहे.

तीन प्रकारच्या अडचणी

यादींत दिसूनही न चालणाऱ्या उपकरणांचे आम्ही तीन वर्ग करतों.

पहिल्या वर्गांत अडचण केवळ परवानगीची असते. अनोळखी उपकरण थेट उघडण्याचा अधिकार लिनक्स सामान्य वापरणाराला देत नाहीं. तो मुख्य व्यवस्थापकाकडेच राहतो. यावर उपाय म्हणजे 'युडेव्ह' या द्वारपालास एका ओळीचा नियम लिहून देणें, कीं अमुक निर्मात्याचें अमुक उपकरण आल्यास अमुक लोकांस तें वापरूं द्यावें. नियम लिहिल्यावर उपकरण काढून पुन्हां जोडावें लागतें, कारण द्वारपाल पाहुण्याची चौकशी तो दारांतून येतांनाच करतो.

दुसऱ्या वर्गांतील उपकरणें प्रमाणभाषा बोलतात. कीबोर्ड, माऊस, जॉयस्टिक यांच्यासाठीं यूएसबीमध्यें एक ठरीव भाषा आहे, आणि लिनक्सच्या गाभ्यास ती येते. 'इव्हटेस्ट' नांवाची आज्ञावली चालवून एकेक बटण दाबलें, म्हणजे प्रत्येक हालचालीचें नांव व मूल्य पडद्यावर उमटतें. येथें उणीव असते ती फक्त हे शब्द यंत्रापर्यंत नेण्याची. लिनक्स-सीएनसीबरोबर 'हॅल-इनपुट' नांवाचा एक घटक येतो, तो हें काम करतो. मात्र दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. जॉयस्टिकचा दांडा सोडला असतां मध्यावर परततो खरा, परंतु अगदीं मध्यावर नव्हे. तो किंचित् इकडे तिकडे राहिला, तर हत्यार आपोआप रांगूं लागतें. म्हणून मध्याभोंवतालचा थोडा पट्टा मृत धरावा लागतो. दुसरें असें, कीं बटणांच्या पुष्कळ पट्ट्या स्वतःस कीबोर्ड म्हणवितात. पडद्यावर जी खिडकी पुढें असेल, तिच्यांत त्यांचीं अक्षरें जाऊन पडतात. यासाठीं ती पट्टी अनन्य ताब्यांत घेण्याची सोय वापरावी, म्हणजे तिचा शब्द दुसऱ्या कोणाच्या कानीं जाणार नाहीं.

तिसरा वर्ग खऱ्या परभाषिकांचा. हीं उपकरणें निर्मात्यानें ठरविलेल्या खासगी बोलींत बोलतात, आणि तिचा कोश निर्माता देत नाहीं. कोश आपणच रचावा लागतो.

बोली लिहून घेणें

ज्याप्रमाणें परक्या मुलखांत जाऊन एखादी अलिखित भाषा शिकणारा अभ्यासक वस्तूकडे बोट दाखवितो व उत्तर वहींत टिपून घेतो, तसेंच येथें करावयाचें असतें. उपकरणाकडून येणारा प्रत्येक निरोप म्हणजे थोड्या आंकड्यांची एक ओळ असते, आणि त्यांतील प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधील असतो. एक बटण दाबावें, ओळ टिपावी; सोडावें, टिपावी; दुसरें दाबावें, टिपावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम कडकपणें पाळावा. थोड्याच वेळांत दिसूं लागतें, कीं ओळींतील अमुक स्थान बटणाचें आहे, अमुक अक्षाचें, आणि अमुक चाकाचें.

'एक्सएचसी-एचबी०४' या बिनतारी पेंडंटची कथा अशीच आहे. त्याच्या मालाचा अंक 'ईबी७०'. हें पेंडंट विंडोजवरील 'माक-३' या प्रणालीसाठीं विकलें जात असे. लिनक्स-सीएनसीच्या मंडळींनीं त्याची बोली उलगडली, आणि आज त्याचा दुभाषी त्या प्रणालीबरोबरच मिळतो. बटणाचा संकेत एका स्थानीं, अक्ष निवडणाऱ्या खटक्याचा दुसऱ्या, व चाकाच्या टिचक्यांचा तिसऱ्या, अशी त्याच्या निरोपाची रचना आहे. दुभाषी उलट दिशेनेंही बोलतो. हत्यार कोठें आहे तो आंकडा पेंडंटच्या लहान पडद्यावर लिहून पाठवितो. गंमत अशी, कीं एकाच ओळख-अंकाचीं हीं पेंडंटें बाजारांत १६ बटणांचीं आणि १८ बटणांचीं अशीं दोन प्रकारचीं आढळतात. म्हणून दोन वेगळ्या याद्या ठेवाव्या लागल्या. त्याच निर्मात्याचें पुढचें पेंडंट आलें तें 'ईबी९३' हा अंक घेऊन. त्याच्या निरोपाची रचनाच निराळी, म्हणून त्यास दुसरा दुभाषी लिहावा लागला. आडनांव एक असलें म्हणून बोली एक असते असें नाहीं.

चाकाच्या आंकड्यांत एक खोंच आहे. चाक एक टिचकी उजवीकडे फिरविलें तर निरोपांत १ येतो. डावीकडे फिरविलें तर २५५. हें कसें? ज्या मोजणींत २५५ नंतर पुन्हां ० येतो, तींत शून्याच्या एक पाऊल मागें २५५ च असणार. घड्याळांत १ च्या मागें १२ असावे तसें. तेव्हां येथें २५५ म्हणजे उणें १, आणि २५४ म्हणजे उणें २. दुभाष्यानें ही खोंच न ओळखतां २५५ हा आंकडा जसाच्या तसा पुढें दिला, तर एक टिचकी मागें घेऊं पाहणाऱ्या कारागिराचें हत्यार २५५ टिचक्या पुढें जाईल. टिचकीस ०.१ मिलिमीटर हें प्रमाण असेल, तर तें अंतर २५.५ मिलिमीटर भरतें, आणि तेंही कारागिराच्या अपेक्षेच्या उलट दिशेनें! भाषांतरांतील एका चिन्हाची चूक येथें हत्यार मोडूं शकते, आणि जवळ हात असल्यास हातही.

तारा जोडणें

बोली कळली, आतां अर्थ यंत्रापर्यंत नेला पाहिजे. लिनक्स-सीएनसीच्या पोटांत 'हॅल' नांवाची एक व्यवस्था आहे. तिची कल्पना टेलिफोनच्या जुन्या एक्सचेंजवरून चांगली येईल. प्रत्येक घटकास कांहीं भोंकें असतात, त्यांस 'पिन' म्हणतात; एका घटकाच्या पिनेपासून दुसऱ्याच्या पिनेपर्यंत जी काल्पनिक तार ओढतात, तिला 'सिग्नल' म्हणतात. लेखी एका ओळीनें ही तार जोडतां येते व तोडतांही येते. डाग देण्याची गरज नाहीं.

नवा दुभाषी लिहिणें म्हणजे या फलकावर आपला एक घटक बसविणें. पायथन भाषेंत हें काम अल्पशा ओळींत होतें. घटकास नांव द्यावें, त्याच्या पिना जाहीर कराव्या, 'तयार' असें सांगावें, आणि मग उपकरणाचा निरोप वाचून त्या त्या पिनेवर मूल्य ठेवीत जावें. चाकाच्या टिचक्यांची बेरीज यंत्राच्या अक्षाच्या 'जॉग-काउंट्स' या पिनेस जोडावी. दर टिचकीचें अंतर 'जॉग-स्केल' ठरवितें. आणि 'जॉग-एनेबल' खरें असेल तोंवरच चाकाचें ऐकलें जातें.

येथें एक निवड करावी लागते. नेहमींच्या पद्धतींत यंत्र सांगितल्या टिचक्यांचें अंतर पुरें करूनच थांबतें, मग त्यास कितीही वेळ लागो. चाक फार जलद फिरवून सोडलें, तरी राहिलेलें अंतर तें कापीत राहतें. दुसऱ्या पद्धतींत चाक थांबलें कीं यंत्रही थांबतें. राहिलेलें अंतर सोडून दिलें जातें. पहिलीमध्यें अचूकपणा आहे, दुसरीमध्यें हाताशीं इमान आहे. मोठें प्रमाण लावून लांबचें अंतर जलद कापतांना आम्ही दुसरीच योग्य मानतों.

विश्वासाची मर्यादा

इतका खटाटोप यशस्वी झाल्यावर मनुष्यास वाटतें, कीं आतां सर्व कारभार या दुभाष्यावर सोंपवावा. परंतु येथेंच थांबलें पाहिजे.

लिनक्स-सीएनसी मोटरींच्या स्थितीची विचारपूस साधारणपणें सेकंदास १००० वेळां करते, म्हणजे दर मिलिसेकंदास एकदां. आणि हा ठोका चुकूं न देण्यासाठीं लिनक्सच्या गाभ्यांत खास व्यवस्था करावी लागते. अशी व्यवस्था पूर्वीं बाहेरून जोडावी लागे. 'प्रीएम्प्ट-आरटी' नांवाची तींपैकीं एक २०२४ मध्यें, ६.१२ या आवृत्तींत, मूळ गाभ्यांतच समाविष्ट झाली. यूएसबीचा दुभाषी मात्र या ठोक्यांत बसत नाहीं. उपकरण आपण होऊन बोलत नाहीं. संगणकानें विचारलें म्हणजे सांगतें. कित्येक साध्या उपकरणांस सेकंदास सुमारें १२५ वेळां, म्हणजे ८ मिलिसेकंदांनीं एकदां विचारलें जातें. त्यावर दुभाष्याची पाळी येण्यास किती वेळ लागेल, याचा भरंवसा नाहीं. मनुष्याच्या बोटास ८ मिलिसेकंद जाणवतही नाहींत. पण मिनिटास ३००० मिलिमीटर वेगानें धांवणारें हत्यार तेवढ्यांत ०.४ मिलिमीटर पुढें गेलेलें असतें. म्हणून मनुष्याच्या इच्छेचा निरोप यूएसबीनें यावा. हत्यार कोठें आहे याची खबर त्या वाटेनें कधींही आणूं नये.

त्याहून गंभीर गोष्ट बटणांची. चाक फिरवितांना निरोप हरवला, तर यंत्र जागच्या जागीं राहतें, हानि थोडी. परंतु "दाबून धरलें असतां चालत राहा" अशा बटणांत दोन निरोप असतात: दाबल्याचा आणि सोडल्याचा. यांतील दुसरा हरवला, तर कारागिराचें बोट वर आलें तरी यंत्र चालतच राहतें. मिनिटास ६०० मिलिमीटर हा कांहीं फार मोठा वेग नव्हे. पण या वेगानें अर्ध्या सेकंदांत ५ मिलिमीटर अंतर जातें, आणि जॉबच्या कडेशीं आणलेल्या हत्यारास तेवढें पुरेसें आहे. बिनतारी पेंडंटची बॅटरी नेमकी अशा वेळीं संपणें अशक्य नाहीं.

याकरितां जाणते लोक तीन बंदोबस्त करतात. एक, उपकरणाशीं संबंध तुटला, कीं दुभाष्यानें आपल्या सर्व पिना तत्काळ 'थांब' या स्थितींत न्याव्या. वर सांगितलेल्या पेंडंटच्या घटकांत जोड कायम आहे कीं नाहीं हें सांगणारी पिन मुद्दाम ठेवलेली आहे, ती याच कामास येते. दुसरा, नवा दुभाषी प्रथम लिनक्स-सीएनसीच्या नकली यंत्रावर पारखावा. तेथें सर्व हालचाल पडद्यावरच होते. नंतर खऱ्या यंत्रावर, हत्यार जॉबपासून वर घेऊन, अगदीं मंद वेगानें, प्रत्येक अक्षाची दिशा पाहावी. आणि चालतेवेळीं उपकरण मुद्दाम उपटून यंत्र थांबतें ना, हें तपासावें. तिसरा व सर्वांत मोठा बंदोबस्त म्हणजे यंत्राजवळचा तो मोठा लाल खटका. त्याची तार संगणकांतून वळसा घेऊन जाऊं नये. तो दाबला असतां मोटरींची शक्ति थेट तुटली पाहिजे. पेंडंटवरही 'स्टॉप' लिहिलेलें बटण असतें. तें सोयीचें आहे. परंतु तें एक विनंति आहे, आणि ती दुभाष्याच्या तोंडून जाते. ज्या क्षणीं हात यंत्रांत सांपडतो, तो क्षण विनंतीचा नव्हे.

या विद्येपासून घ्यावयाचा बोध

आमच्या वाचकांपैकीं फार थोडे पुढें यंत्रशाळेंत जातील. तथापि या विषयांत प्रत्येकास घेण्याजोगें कांहीं आहे. "चालत नाहीं" हा शेरा पुष्कळदां वस्तूविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो सांगतो इतकेंच, कीं अद्याप कोणी तिच्याजवळ वही घेऊन बसला नाहीं. तसें बसण्यास मोठी पदवी लागत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलणें, जें दिसलें तेंच लिहिणें, आणि अंदाजास निश्चयाची जागा न देणें, इतकी शिस्त पुरते. ती गणिताच्या व प्रयोगशाळेच्या तासास रोज शिकविली जाते.

दुसरें असें, कीं ज्या मंडळींनीं हे दुभाषी लिहिले, त्यांनीं ते आपल्या पेटींत कुलूप लावून ठेवले नाहींत. एका मनुष्यानें एका पेंडंटसाठीं वेंचलेल्या रात्री जगांतील कित्येक लहान कारखान्यांच्या उपयोगीं पडल्या. विद्यार्थ्यांनीं आपल्या वह्याही अशाच दुसऱ्यास वाचतां येतील अशा लिहाव्या.

पालकांस एक विनंति आहे. मुलानें एखादें जुनें खेळण्याचें यंत्र किंवा बिघडलेलें उपकरण समोर घेऊन "हें काय बोलतें तें पाहतों" असें म्हटलें, तर त्यास एकदम उठवूं नये. मात्र फिरणारें, तापणारें वा कापणारें कांहीं त्याच्याजवळ असेल, तर लाल खटका कोठें आहे व तो दाबल्यावर खरोखर काय तुटतें, हें आधीं विचारावें. याचें नेमकें उत्तर त्यास देतां आलें, तर पुढचें काम त्याला खुशाल करूं द्यावें.